एकट्या ओबोसाठी लिहिताना

बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग ऐन भरात असताना एक चमत्कारिक गोष्ट घडते. सुरुवातीची ती प्रसिद्ध चार स्वरांची थाप फिरून दुसऱ्यांदा आलेली असते. आता सगळं मघासारखंच होणार असं वाटतं, आणि एकाएकी सगळे गप्प होतात. उरतो एकटा ओबो. एका मापात मावणारी, संथ, खाली उतरत जाणारी स्वरावली तो वाजवतो आणि लगेच पुन्हा दणदणाट सुरू होतो. ही सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. ओबोच्या त्या एका मापावर तेव्हापासून आजवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

पण ते एक माप आहे, आणि त्याच्या मागेपुढे अख्खा वाद्यवृंद आहे. हेच वाद्य रंगमंचावर एकटं उभं केलं, पियानो नाही, दुसरा सोबती नाही, आणि पाच-दहा मिनिटं श्रोत्याला धरून ठेवायचं म्हटलं तर रचनाकारानं काय लिहावं? गेल्या तीनशे वर्षांत या प्रश्नाची मोजकीच पटणारी उत्तरं मिळाली आणि त्यातली बरीचशी १९५१ नंतरची आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. एकट्या ओबोच्या ज्या रचना खरोखर टिकल्या, त्यातल्या बहुतेकींत त्या एका ओळीच्या आत दुसरं कोणीतरी वावरतं आहे. वाद्याच्या करामतींची नुसती यादी करणाऱ्या रचना परीक्षांपुरत्या आणि प्रबंधांपुरत्या राहिल्या.

आधी वाद्य समजून घेऊ, कारण या प्रश्नाची निम्मी उत्तरं वाद्यातच आहेत. ओबो आणि आपली सनई एकाच कुळातली. दोन पात्यांची रीड, आणि वरून खाली रुंदावत जाणारी नळी. सनईची भोकं उघडी असतात, ओबोवर मात्र कळांचं जंजाळ असतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर घराण्यानं ही कळांची रचना घडवत नेली. त्यांच्याकडे काम केलेल्या फ्राँस्वा लोरे यांनी १८८१ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, आणि व्हिएन्नासारखा एखादा हट्टी अपवाद सोडला तर आज जगभर वाजतो तो ओबो याच फ्रेंच घडणीचा.

रीड बोरूची असते. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातला बोरू त्यासाठी नावाजलेला आहे. कांडी चिरून आतून तासत जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीवर आणतात, ती पट्टी दुमडून सुमारे ४७ मिलिमीटर लांबीच्या धातूच्या नळीवर दोऱ्यानं आवळून बांधतात, मग टोक कापून दोन पाती मोकळी करतात आणि चाकूनं खरवडत बसतात. बहुतेक व्यावसायिक ओबोवादक हे काम स्वतः करतात, आणि त्यातल्या कित्येकांचा वाजवण्याइतकाच वेळ चाकू चालवण्यात जातो. चांगली जमलेली रीडही फार दिवस साथ देत नाही.

रचनाकाराला हे माहीत असायला हवं, कारण त्या दोन पात्यांमधल्या फटीतून फारच थोडी हवा जाते. फ्लूटवाल्याचा श्वास संपतो. ओबोवाल्याचा संपत नाही, साचतो. लांब स्वरवाक्य संपतं तेव्हा छातीत शिळी हवा भरलेली असते आणि ती बाहेर टाकल्याशिवाय ताजी आत घेता येत नाही. तेव्हा ओबोच्या ओळीत श्वासाला सोडलेली जागा दोन कामांसाठी असते, आणि दोन्ही कामांना पुरेल इतकी ती हवी. रिचर्ड स्ट्राउसच्या १९४५च्या ओबो कन्चेर्टोत वाद्य सुरुवातीलाच जवळजवळ न थांबता गात सुटतं. वादक त्या पानाची धास्ती घेतात. तिथे निदान वाद्यवृंद सोबत असतो. एकल रचनेत वादक थांबला की संगीतच थांबलं.

शिवाय ओठ. खालचा-वरचा ओठ दातांवर दुमडून रीड त्यात धरायची असते, आणि तो स्नायू बोटांच्या कितीतरी आधी थकतो. वाद्यवृंदात मधूनमधून विश्रांती मिळते. एकल रचनेत ती रचनाकारानं दिली तरच. आणखी एक क्षुल्लक वाटणारी अडचण म्हणजे पाणी. श्वासातली वाफ नळीत थंड होऊन वरच्या छोट्या छिद्रांमध्ये साचते आणि स्वर बुडबुडायला लागतो. वादक सिगारेट वळायचा पातळ कागद जवळ ठेवतात, तो कळेखाली सरकवून पाणी टिपतात. ओबोवादकाच्या स्टँडवर तो कागद दिसला तर वाईट अर्थ घेऊ नये. दहा मिनिटांच्या रचनेत ही दोन-चार सेकंदं कुठून येणार, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. सांगायचं इतकंच, की एकट्या ओबोसाठी लिहिताना शांतताही लिहावी लागते. ती नंतर भरून काढायची फट नव्हे.

पल्ला अडीच सप्तकांहून थोडा जास्त आहे. सर्वांत खालचा स्वर बी फ्लॅट, पेटीच्या भाषेत काळी पाच. फ्लूट खाली मवाळ आणि वर धारदार असतो. ओबोचं नेमकं उलट आहे. तळाचे तीन-चार स्वर जाड, भरघोस, दडपता न येणारे, मधलं सप्तक सर्वांत बोलकं, आणि वर जावं तसा आवाज बारीक होत जातो. नवखा रचनाकार हमखास शेवटचा स्वर त्या तळाच्या बी फ्लॅटवर लिहितो आणि त्याखाली 'अगदी हळू' अशी खूण करतो. वादक रीड बदलतो, देवाचं नाव घेतो, आणि तो स्वर एकतर उमटतच नाही, नाहीतर भसकन येतो. तळाचे बी आणि बी फ्लॅट दोन्ही डाव्या करंगळीवर आहेत. कागदावर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या या दोन स्वरांत झपाट्याची ये-जा लिहिली, तर ती करंगळी एका कळेवरून दुसरीवर घसरवत राहण्याशिवाय वादकाला इलाज नसतो. ही असली माहिती पुस्तकात मिळते, पण ओबोवादकाच्या शेजारी तासभर बसून ती जास्त कळते.

आता इतिहास. अठराव्या शतकातल्या ज्या एकल रचना आज ओबोवादक वाजवतात, त्यातल्या प्रमुख रचना मुळात ओबोच्या नाहीतच, फ्लूटच्या आहेत. टेलेमानच्या बारा फँटसिया १७३०च्या दशकात हँबुर्गमध्ये छापल्या गेल्या. थोरल्या बाखची ए मायनरमधली पार्टिटा आणि त्याच्या मुलाची, कार्ल फिलिप इमान्युएल बाखची, त्याच स्वरातली सोनाटा या दोन्ही ओबोवादक पट्टी बदलून वाजवतात. उसनवारी आहे, पण शिकण्यासारखी. टेलेमान एकच ओळ लिहितो आणि ती खालून वर, वरून खाली अशी उड्या मारत नेतो. खालचे स्वर कानात एकत्र जमतात, वरचे वेगळे जमतात, आणि थोड्याच वेळात दोन माणसं बोलताहेत असं वाटायला लागतं. काही फँटसियांत तर तो एका ओळीत फ्यूगचा आभास उभा करतो. दुसरा सोबती नसताना सोबत निर्माण करण्याची ही सर्वांत जुनी युक्ती, आणि अजून तिला तोड नाही.

बाखची पार्टिटा मात्र वादकाला सुळावर चढवते. पहिल्या भागात सोळांश स्वरांची अखंड माळ आहे, विश्रांतीची खूण नाही. श्वास कुठे घ्यायचा यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. कोणी एखादा स्वर गाळतो, कोणी लय जराशी ताणतो, कोणी गालात हवा साठवून नाकानं श्वास ओढतो. ही शेवटची युक्ती आपल्या सनईवाल्यांना पूर्वापार ठाऊक आहे. पाश्चात्त्य ओबोवादकांत ती सररास झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मग एकोणिसावं शतक जवळजवळ कोरडं. त्या काळाचा जीव सुसंवादात, पियानोत आणि मोठ्या वाद्यवृंदात रमला होता. शूमाननं १८४९ मध्ये ओबोसाठी तीन रोमान्स लिहिले तेही पियानोच्या साथीनं. तरीही एकट्या ओबोच्या दोन जागा त्या शतकानं दिल्या आणि दोन्ही नाट्यमय आहेत. बर्लिओझच्या १८३०च्या 'सिंफनी फँतास्तिक'मध्ये इंग्लिश हॉर्न, म्हणजे ओबोचंच मोठं आणि खालच्या स्वराचं भावंड, गुराख्याची हाक देतं आणि पडद्याआडचा ओबो तिला उत्तर देतो. भागाच्या शेवटी हाक पुन्हा येते. यावेळी उत्तर येत नाही. ऐकू येतो तो फक्त टिंपनीवरचा दूरचा गडगडाट. दुसरी जागा वाग्नरच्या 'ट्रिस्टान'मधली. तिसऱ्या अंकात मेंढपाळ इंग्लिश हॉर्नवर साथीशिवाय बराच वेळ एक उदास चाल वाजवतो. त्या चालीचा नाटकातला अर्थ ठरलेला आहे: समुद्र रिकामा आहे, जहाज दिसत नाही. एकटी ओळ इतका वेळ सहन होते, कारण ऐकणारा प्रेक्षकही त्या जहाजाची वाट पाहत असतो. बर्लिओझ आणि वाग्नर, दोघांनाही एकल वाद्याचं मर्म कळलं होतं. फक्त त्यांनी ते मोठ्या कलाकृतीच्या पोटात ठेवलं.

दार उघडलं ते देबुसीनं, आणि तेही फ्लूटसाठी. १९१३चं 'सिरिंक्स' हा तीनेक मिनिटांचा तुकडा गाब्रिएल मूरे यांच्या नाटकासाठी लिहिलेला होता. पॅन देवापासून पळणारी सिरिंक्स ही अप्सरा बोरूचं बेट होते आणि पॅन त्या बोरूंची बासरी करतो, ही ग्रीक कथा. विसाव्या शतकातल्या बहुतेक एकल वायुवाद्य-रचनांची वंशावळ या तीन मिनिटांपर्यंत मागे नेता येते.

ओबोपुरती खरी सुरुवात मात्र १४ जून १९५१ रोजी झाली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑल्डबरा महोत्सवात, थॉर्पनेस इथल्या उथळ तळ्यावर, उघड्या हवेत, जॉय बाउटन या ओबोवादिकेनं बेंजामिन ब्रिटनच्या 'सिक्स मेटॅमॉर्फसिस आफ्टर ऑव्हिड' या रचना पहिल्यांदा वाजवल्या. त्या तिच्यासाठीच लिहिलेल्या होत्या. रोमन कवी ऑव्हिडच्या काव्यातली सहा पात्रं: पॅन, फेथन, नायोबी, बॅकस, नार्सिसस आणि ॲरथुसा. प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्या पात्राची एका वाक्यात ओळख दिलेली आहे, सहाही मिळून पंधरा मिनिटांच्या आत संपतात, आणि आज जगातल्या बहुतेक सर्व ओबो-विद्यार्थ्यांच्या हातातून या रचना जातात.

पॅनच्या भागात मापाच्या रेघा नाहीत. छोटी स्वरवाक्यं येतात, थांबतात, पुन्हा येतात. मधले थांबे निरनिराळे आहेत, काही नुसत्या स्वल्पविरामाएवढे, काही लांबलेले. ओबोवादकाला शिळी हवा टाकायला जागा हवी होती. ब्रिटननं ती दिली, आणि ती वादकाची सोय न वाटता पॅनचा स्वभाव वाटते: काहीतरी वाजवायचं, कान द्यायचा, पुन्हा वाजवायचं. पूर्ण मोकळ्या लयीतलं हे वाजवणं नव्या विद्यार्थ्यांना सोपं वाटतं आणि तिथेच ते फसतात. थांबा किती, हे लिहिलेलं नाही म्हणून कितीही चालतो असं नाही. आलाप शिकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

नायोबीची चौदा मुलं मारली जातात आणि ती शोकात पर्वत होते. ब्रिटन तिच्यासाठी खाली ओघळणारी स्वरवाक्यं लिहितो. शेवटी मात्र स्वर लांब होतात, ताणले जातात, आणि तिथे वादकाला सूचना आहे की आता भाव घालू नका. ओबोवादकाचं सगळं शिक्षण स्वरात भाव घालण्याचं, कंप देण्याचं असतं. तो कंप काढून घेतला की तोच स्वर दगडासारखा होतो. बाई पर्वत झाली, हे सांगायला एवढं पुरलं. साधनांची काटकसर म्हणजे काय ते या चार-सहा मापांत दिसतं.

या संचातला सर्वांत हुशार भाग नार्सिससचा. पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहणाऱ्या या तरुणाला एक स्वरवाक्य दिलं आहे आणि प्रतिबिंबाला त्याचं उलटं रूप. मूळ वाक्य जिथे वर चढतं तिथे प्रतिबिंब उतरतं, आणि ते हळू वाजतं. सुरुवातीला वाक्यं लांब आणि वेगळी वेगळी असतात. पुढे ती आखूड होत जवळ येतात, एकमेकांत शिरतात, आणि शेवटी कोण कुठलं हे कळेनासं होतं. टेलेमानची दोन आवाजांची जुनी युक्तीच ही, पण आता तिला कथेनं कारण दिलं आहे. फेथन, बॅकस आणि ॲरथुसा चांगले आहेत, वाजवायला मजेचे आहेत, पण त्यांच्यात वर्णन जास्त आहे: धावणारा रथ, नशेतला गोंगाट, खळाळतं पाणी. मला ते नायोबी आणि नार्सिससच्या तोडीचे वाटत नाहीत.

ब्रिटननंतर अठरा वर्षांनी, १९६९ मध्ये, इटलीच्या लुचानो बेरिओनं अगदी दुसऱ्या टोकाचं उत्तर दिलं. त्याची 'सेक्वेन्झा' ही मालिका म्हणजे निरनिराळ्या वाद्यांसाठीच्या एकल रचना. पहिली १९५८ची, फ्लूटसाठी. सातवी ओबोची, आणि ती स्विस ओबोवादक हाइन्झ होलिगरसाठी लिहिलेली. १९३९ साली जन्मलेला हा वादक स्वतः रचनाकार आहे. विसाव्या शतकात ओबोसाठी जे काही नवं लिहिलं गेलं त्यातलं थक्क करणारं प्रमाण या एका माणसासाठी किंवा या एका माणसाकडून लिहिलं गेलं.

'सेक्वेन्झा ७'चा कागद पाहिला तर आधी तक्ता वाटतो. तेरा ओळी, तेरा रकाने. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर सेकंद लिहिलेले. पहिला रकाना तीन सेकंदांचा, मग ते आखडत आखडत शेवटचे एकेक सेकंदाचे. वादकानं त्या चौकटीत आपलं वाजवणं बसवायचं. हे इतकं अवघड पडलं की पुढे अमेरिकन ओबोवादिका जॅकलिन लेक्लेर यांनी नेहमीच्या मापांत मांडलेली पूरक आवृत्ती तयार केली, आणि आता बरेच जण तिच्यावरून अभ्यास करतात.

रचना सुरू होते ती एकाच स्वरावर, मधल्या बीवर, म्हणजे पांढरी सातवर. तोच स्वर बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणींनी पुन्हा पुन्हा. उंची तीच, रंग मात्र दरवेळी निराळा: एकदा उघडा, एकदा दबका, एकदा खरखरीत. मग एकेक करून दुसरे स्वर शिरतात. आणि या सगळ्याखाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तोच बी कुठूनतरी अखंड, अगदी हळू वाजत असतो. पडद्याआडून दुसरं वाद्य वाजवा, यंत्रानं वाजवा, बेरिओची हरकत नाही. जर्मन पद्धतीत या स्वराला 'एच' म्हणतात आणि होलिगरच्या नावाची दोन्ही आद्याक्षरं तीच आहेत. बेरिओ असल्या खोड्या करणारा माणूस होता.

साथ नसलेल्या रचनेत धरलेला सूर हवाच कशाला, असा प्रश्न युरोपातल्या कित्येकांना पडला असेल. सनईच्या जोडीला बसून एकच सूर धरणारा माणूस ज्यांनी लग्नामुंजीत पाहिला आहे त्यांना तो पडणार नाही. दक्षिणेत नागस्वरमजवळ ओत्तू असतो, गवयाच्या मागे तंबोरा असतो, आणि आपण त्या मैफलीला एकल मैफलच म्हणतो. एक फरक मात्र आपल्या कानाला लगेच कळतो. तंबोऱ्याच्या षड्जाकडे सगळं परत येतं. बेरिओच्या बीकडे ओबोला यायचं नसतं. तो त्याच्यावर आदळतो, त्याच्यापासून लांब पळतो, त्याला घासून अगदी शेजारच्या स्वरावर उभा राहतो, आणि तो सूर काही हलत नाही. इथली दुसरी व्यक्ती म्हणजे तो न हलणारा सूर. बेरिओनं पुढे १९७५ मध्ये याच रचनेभोवती अकरा तंतुवाद्यं उभी करून 'शमॅं ४' लिहिलं. मला ते कमी पटतं. एकट्या सुरानं जे काम केलं ते अकरा जणांनी करण्याची गरज नव्हती.

तिसरं मोठं उत्तर कोरियातून आलं, बर्लिनच्या वाटेनं. इसांग युन हा कोरियन रचनाकार पश्चिम बर्लिनमध्ये राहत होता. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तहेरांनी त्याला तिथून पळवून सोलला नेलं. हेरगिरीचा आरोप, छळ, तुरुंग. जगभरच्या संगीतकारांनी आवाज उठवल्यावर १९६९ मध्ये तो सुटून परत आला. १९७१ मध्ये त्यानं एकट्या ओबोसाठी 'पिरी' लिहिलं. पिरी हे कोरियाचं दोन पात्यांच्या रीडचं वाद्य आहे.

युनची भूमिका अशी की युरोपात स्वर म्हणजे पेन्सिलीचा बिंदू, बिंदूंना बिंदू जोडून चाल होते; पूर्व आशियात एकेक स्वरच कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा असतो, त्याला सुरुवात, फुगवटा आणि शेवट असतो. 'पिरी'मध्ये तो एक मुख्य स्वर धरतो आणि त्याच्याभोवती कणस्वर, घसरण, कंप, आवाजाची भरती-ओहोटी असं सगळं करतो. मग पुढचा मुख्य स्वर. इथे दुसरा आवाज नाही, धरलेला सूरही नाही. स्वराचंच इतकं काही होतं की कान तेवढ्यावर तृप्त होतो. आपल्या संगीतावर वाढलेल्या श्रोत्याला ब्रिटनपेक्षा, बेरिओपेक्षा ही रचना चटकन पोचेल अशी माझी अटकळ आहे.

याच सुमारास ओबोच्या आवाजांचं कोठार धडाधड उघडत होतं. ब्रूनो बार्तोलोझ्झीचं वायुवाद्यांच्या नव्या ध्वनींवरचं पुस्तक १९६७ साली आलं. एका वाद्यातून एकाच वेळी दोन-तीन स्वर काढता येतात, याला मल्टिफोनिक म्हणतात. पाव स्वर, दुहेरी ट्रिल, जिभेचा फडफडाट, नुसत्या कळांचा खटखटाट, दात रीडवर टेकवून काढलेले उंच स्वर, नुसती रीड वाजवणं, हे सगळं कागदावर उतरवण्याच्या खुणा ठरल्या. होलिगरनं १९७१ मध्ये 'श्टुडी युबर मेअरक्लँगे' हा जवळजवळ संपूर्ण मल्टिफोनिकांचा तुकडा लिहिला. तो टिकला, कारण होलिगरला त्या फाटक्या, थरथरत्या स्वरपुंजांत खरोखरच सुसंवाद ऐकू येत होता आणि एका पुंजातून दुसऱ्यात जाण्याची वाट त्यानं शोधली होती. त्याच्या पाठोपाठ आलेल्या ढीगभर रचनांचं तसं नव्हतं. पहिल्या मिनिटात मल्टिफोनिक, दुसऱ्यात कळांचा खटखटाट, तिसऱ्यात श्वासाचा आवाज. असे तुकडे ऐकून वादकाला काय काय येतं ते समजतं, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते समजत नाही.

मल्टिफोनिक लिहिणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. पुस्तकातली बोटांची ठेवण एका कारखान्याच्या ओबोवर नेमकी लागते, दुसऱ्याच्या ओबोवर वेगळेच स्वर निघतात, आणि त्याच ओबोवर रीड बदलली की पुन्हा बदलतात. १९९४ मध्ये पीटर व्हील आणि क्लाउस-श्टेफन मान्कोप्फ यांनी केलेला जाडजूड ग्रंथ या बाबतीत बराच विश्वासार्ह आहे. तरीही रचनेचा सांधा नेमक्या एका मल्टिफोनिकवर अवलंबून ठेवू नये.

करामतीच्या बाहेर राहूनही नवं लिहिता येतं. फ्रान्सच्या जिल सिल्व्हेस्त्रिनीचे १९९७चे सहा एट्यूड मोने, पिसारो, रेन्वार, बुदँ आणि माने यांच्या चित्रांवर बेतलेले आहेत. भाषा देबुसीच्या नंतरची, ओळखीची. अवघडपणा मात्र भीषण. टेलेमानची उड्या मारणारी ओळ इथे इतक्या वेगानं जाते की सुरावटीला साथ देणारा पियानो आत कुठेतरी आहे असा भास होतो. समीक्षक यांना फार मान देत नाहीत, वादक मात्र सोडत नाहीत. वादकांचं मत मला अधिक वजनदार वाटतं. माल्कम आर्नल्डची १९६६ची फँटसी बर्मिंगहॅमच्या स्पर्धेसाठी लिहिलेली होती आणि स्पर्धेच्या रचनेला शोभेल इतकी नेटकी आहे. एलियट कार्टरनं १९९२ मध्ये 'इनर साँग'मध्ये लांब, न तुटणारी, सतत भाव बदलणारी गाती ओळ लिहिली. तिच्यात करामत शोधून सापडत नाही.

आता लेखनाचा प्रश्न. एकट्या ओळीत आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, याला फार महत्त्व येतं, कारण स्वरसंगती बदलून ताण दाखवण्याची सोय नसते. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९१५ ते १९५४ प्रमुख ओबोवादक असलेले मार्सेल ताब्युतो विद्यार्थ्यांना प्रत्येक स्वराला आकडा द्यायला लावत: हा तीन, हा चार, हा पाच, मग पुन्हा उतरत. अमेरिकेतली ओबोवादनाची अख्खी परंपरा त्या आकड्यांवर उभी आहे. रचनाकारानं स्वतःची ओळ असे आकडे घालून एकदा तपासावी. ज्या स्वरवाक्यात सगळे आकडे सारखेच येतात ते वाक्य बहुधा मेलेलं असतं.

आपल्याकडच्या रचनाकाराला एक मोह हमखास होईल: रागाचा आलाप स्टाफ नोटेशनमध्ये लिहून ओबोवादकाच्या हाती देण्याचा. मींडेपाशी गाडं अडेल. सनईच्या उघड्या भोकांवरून बोट हळूहळू सरकवून स्वर ओढता येतो. ओबोची भोकं कळांच्या झाकणांखाली असतात. ओढ द्यायची ती मुख्यतः ओठांनी, आणि ती सर्वसाधारणपणे अर्ध्या स्वराच्या आसपासच पोचते. लांब मींड लिहिली तर दोन सुटे स्वर ऐकू येतील. उलट कणस्वर, आंदोलन, एकाच स्वराचे बदलते रंग हे ओबोला सनईइतकेच, कधी जास्तही, चांगले जमतात. युननं नेमकं हेच उचललं आणि बाकीचं सोडून दिलं.

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि हंगामात तिथे ओबोवादक असतात, बरेचसे बाहेरदेशांहून आलेले. पुण्या-मुंबईत पाश्चात्त्य लेखनपद्धती शिकलेली तरुण रचनाकार मंडळीही आता आहेत. त्यांच्या हाताशी बहुधा सॉफ्टवेअरमधला ओबो असतो. तो कधी श्वास घेत नाही, त्याच्या ओठांना थकवा येत नाही आणि तळाचा बी फ्लॅट तो पाहिजे तितका हळू वाजवतो. त्याच्या भरवशावर लिहिलेली रचना खऱ्या वादकासमोर पहिल्याच पानावर कोसळते. तेव्हा या मंडळींना विनंती अशी: पहिली रचना तीन मिनिटांपेक्षा लांब नको. मसुदा अर्धा झाला की ओबोवादकाला गाठा, त्याला तो वाजवायला लावा, आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग घरी येऊन त्या खुणांपासून पुन्हा लिहायला बसा.